मये येथील जुन्या छपरी अँटेनावर डिजिटल दूरचित्रवाणी मिळू शकेल का?

तळ्याकाठचा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे घर डिचोली तालुक्यात मये गावी, तळ्याकडे उतरणाऱ्या बाजूला आहे. चिऱ्यांचे घर, वर मंगळुरी कौले, आणि कौलांतून वर आलेल्या लोखंडी नळीवर वडिलांच्या काळातील अ‍ॅल्युमिनियमची अँटेना अजून उभी आहे. कावळ्यांनी तिच्या दोन दांड्या वाकवल्या आणि एक वादळात गेली. पण तोंड अजून पणजीकडेच आहे, कारण वडिलांनी एका रविवारी मला दुपारभर टीव्हीसमोर बसवून, वरून ‘आता? आता?’ असे ओरडत ती दिशा पक्की केली होती, आणि त्यानंतर त्या नळीला कोणी हात लावायचा नाही अशी घरात सक्त ताकीद होती.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडन येथे राहतो. गेल्या मे महिन्यात येताना त्याने आपला वापरलेला 32 इंची टीव्ही सोबत आणला. तिकडे हाच टीव्ही छपरावरच्या अँटेनावर महिन्याच्या वर्गणीशिवाय ढीगभर वाहिन्या दाखवत असे, असे तो सांगतो. इथे पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने पोस्टकोड विचारला आणि आमचा सहा आकडी पिन कोड काही केल्या घेतला नाही. शेवटी देश म्हणून ‘इतर’ निवडले, जुन्या अँटेनाची वायर जोडली आणि ‘डिजिटल अँटेना’ या पर्यायात शोध लावला. पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत सरकली आणि खाली ‘0 वाहिन्या’ असे उमटले. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चार वेळा करून पाहिले. टीव्हीच्या मागे दोन गोल खाचा आहेत: एक साधी, ज्यात अँटेनाची पिन नुसती दाबून बसते, आणि दुसरी आटे असलेली. दुसरीचा उपयोग मला ठाऊक नाही.

म्हापशाच्या एका दुकानदाराने ‘सिग्नल अशक्त असेल’ म्हणून साडेचारशे रुपयांचा बूस्टर गळ्यात मारला. तो जोडूनही फरक शून्य. माझा भाचा म्हणतो की पणजीत दूरदर्शनचे केंद्र आहे, म्हणजे प्रक्षेपण असणारच, आणि मयेहून पणजी हवाई अंतराने पंधराएक किलोमीटर, तेव्हा सिग्नल न मिळण्याचे कारणच नाही. घरात 78 वर्षांची आत्या आहे. तिला दूरदर्शनवरच्या गोव्याच्या कोकणी आणि मराठी बातम्या हव्या असतात. केबल आम्ही गेल्या वर्षी बंद केली. चवथीपूर्वी काही सोय करावी अशी इच्छा आहे. दोष अँटेनात आहे, वायरमध्ये आहे, परदेशी टीव्हीत आहे, की मुळात पकडण्यासारखे काही नाहीच, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


निवृत्त_प्रक्षेपण

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपला टीव्ही ठीक असावा. वायर जुनी असेल, पण आजच्या अपयशाचे कारण ती नाही. अँटेना ज्या प्रक्षेपणासाठी लावली होती ते थांबले आहे आणि टीव्ही जे प्रक्षेपण शोधतो आहे ते गोव्यात नाही.

थोडा मागचा भाग सांगणे आवश्यक आहे. आपल्या वडिलांनी जे चित्र पकडले ते अ‍ॅनालॉग होते. प्रसार भारतीने देशातील अ‍ॅनालॉग भूतल प्रक्षेपक, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करणारे, टप्प्याटप्प्याने बंद केले. शेवटच्या टप्प्यासाठी 31 मार्च 2022 ही मुदत ठरली होती, आणि सीमावर्ती व दुर्गम भागांतील मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 प्रक्षेपक तेवढे वगळले होते. त्याच्या आधीच, फेब्रुवारी 2016 मध्ये, दूरदर्शनने डीव्हीबी-टी2 या पद्धतीने डिजिटल भूतल प्रक्षेपण 16 शहरांत सुरू केले. त्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, अहमदाबाद अशी शहरे होती आणि महाराष्ट्रातून मुंबईखेरीज तेव्हाचे औरंगाबाद होते. पणजीचे नाव त्या यादीत नव्हते. म्हणजे आपल्याकडे जुने गेले आणि त्याच्या जागी मनोऱ्यावरून नवे आले नाही. दूरदर्शनने त्या जागी उपग्रहावरची मोफत सेवा पुढे केली. तिच्याविषयी इथे दुसरे कोणी माझ्यापेक्षा चांगले सांगू शकेल.

आपल्या भाच्याचा तर्क स्वाभाविक आहे, पण केंद्र आणि प्रक्षेपक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पणजीत आल्तिनो टेकडीवरील केंद्रात कार्यक्रम तयार होतात. ते प्रेक्षकांपर्यंत मनोऱ्याने जावेत की उपग्रहाने, हा वेगळा प्रश्न. केंद्र चालू असतानाही त्याच्या नावाने हवेत एकही भूतल तरंग नसणे शक्य आहे.

आता अँटेनाविषयी, कारण पुष्कळ लोक इथेच चुकतात. अँटेनाची सर्वांत महत्त्वाची दांडी, जिला वायर जोडलेली असते, ती साधारणपणे तरंगलांबीच्या निम्मी असते. वर चढण्याची सोय असेल तर टेपने ती मोजा. दोन मीटरच्या वर भरली तर ती व्हीएचएफच्या, म्हणजे जुन्या टीव्हीच्या लांब लहरींच्या, खालच्या पट्ट्यासाठी आहे. पाऊण मीटरच्या आसपास भरली तर व्हीएचएफच्या वरच्या, म्हणजे 174 ते 230 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी. डिजिटल भूतल प्रक्षेपण भारतात यूएचएफ, म्हणजे त्याहून आखूड लहरींच्या, पट्ट्यात केले गेले. त्याच्या सुरुवातीचा चॅनेल 21 घेतला तर मध्य वारंवारता 474 मेगाहर्ट्झ, तरंगलांबी 63 सेंटिमीटर, आणि दांडी जेमतेम 32 सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी. आपली अँटेना फूटपट्टीपेक्षा बरीच मोठी असेल, तर उद्या पणजीत डिजिटल प्रक्षेपक सुरू झाला तरी ती त्याला नीट दाद देणार नाही.

बूस्टरबद्दल स्पष्टच सांगतो. तो सिग्नल निर्माण करत नाही. जे येते त्याला मोठे करतो, आणि सोबत आलेल्या गोंगाटालाही तेवढेच मोठे करतो. शून्याला दहाने गुणले तरी शून्यच. अ‍ॅनालॉगच्या काळात अशक्त सिग्नलवर चित्रात मुंग्या दिसत, डोंगरावरून परतलेल्या तरंगामुळे माणसामागे त्याची सावली दिसे, आणि तरीही आपण क्रिकेटचा सामना पाहत असू. डिजिटलमध्ये अशी मधली अवस्था जवळजवळ नसते. चुका दुरुस्त करणारी गणिती यंत्रणा एका मर्यादेपर्यंत चित्र अगदी निर्मळ ठेवते, आणि मर्यादा ओलांडली की चौकोन फुटतात व पडदा काळा होतो. परतलेल्या तरंगांचा त्रासही डीव्हीबी-टी2 सोसते, कारण माहिती हजारो उपवाहकांवर, म्हणजे शेजारशेजारच्या बारीक लहरींवर, वाटलेली असते आणि पाठवलेल्या दोन चिन्हांच्या मध्ये काही काळ मुद्दाम राखून ठेवलेला असतो. आपल्या डिचोलीसारख्या टेकड्यांच्या मुलखात ही पद्धत खरे तर चांगली चालली असती. ती इथे आली नाही याची खंत मला आहे, आणि हे वाक्य माझ्या जुन्या नोकरीच्या सवयीतून आले आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.

एक विनंती. बूस्टरचा वीजपुरवठा बंद करून तो वायरवरून पूर्ण काढून टाका. पुढे ती वायर दुसऱ्या कामाला घेतली तर तो मध्ये राहिल्याने नुकसान होऊ शकते.


वरळीहून_म्हापशाला

वरील उत्तराला माझ्या अनुभवाची जोड देतो. मी 2019 पर्यंत मुंबईला प्रभादेवीत राहत होतो. वरळीचा दूरदर्शनचा 300 मीटर उंचीचा मनोरा गॅलरीतून दिसे. डीव्हीबी-टी2चा एक छोटा सेट-टॉप बॉक्स आणि खिडकीच्या गजाला बांधलेली वीतभर अँटेना एवढ्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या काचेसारख्या स्वच्छ दिसत. म्हापशाला घर घेतल्यावर तोच बॉक्स मोठ्या आशेने आणला आणि गच्चीवर चांगली यूएचएफ अँटेना उभारली. पाहुणे विचारत की हा माशाचा काटा कशाला. एकही वाहिनी लागली नाही.

माझी शंका अशी: अँटेना आणखी उंच केली, समजा आल्तिनोसारख्या टेकडीवरच्या इमारतीत, तर मुंबईचे प्रक्षेपण मिळण्याची काही शक्यता आहे का? रेडिओवर मुंबई इथे रात्री ऐकू येते, म्हणून विचारतो.


निवृत्त_प्रक्षेपण

रात्री जी मुंबई ऐकू येते ती मध्यम लहरींवरची. त्या लहरी रात्री आयनांबरावरून परतून शेकडो किलोमीटर जातात. यूएचएफ लहरी तशा परतत नाहीत. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि वातावरणामुळे क्षितिजाच्या किंचित पलीकडे वाकतात तेवढेच.

हिशेब कागदावर करता येतो. दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमधील वर्गमुळे घ्या, बेरीज करा आणि 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. वरळीचा मनोरा 300 मीटर, म्हणजे वर्गमूळ 17.3. आपली गच्चीवरची अँटेना 9 मीटर, वर्गमूळ 3. बेरीज 20.3, गुणाकार सुमारे 84 किलोमीटर. आपण 100 मीटर उंच टेकडीवर गेलात तर 112. सह्याद्रीत चढून हजार मीटरवर अँटेना उभारली तरी 200 किलोमीटरच्या आसपास. मुंबई ते पणजी हे सरळ अंतर सुमारे 400 किलोमीटर आहे आणि बंगळूर त्याहून दूर, शिवाय मध्ये घाट. तेव्हा आल्तिनोचा बेत सोडावा हे बरे.


तारवटी_काणकोण

वरच्या हिशेबाला एक अपवाद आहे आणि तो आपल्याच समुद्रावर घडतो, म्हणून लिहितो. मी 27 वर्षे बोटीवर होतो. मार्च ते मेच्या अखेरीस अरबी समुद्रात आमच्या रडारवर कधी कधी असा किनारा उमटे की जो त्या जागी असणे शक्यच नव्हते. नवा पोरगा घाबरे, जुने हसत. आता घरी, आगोंदच्या बाजूला, त्याच दिवसांत पहाटे गाडीतल्या रेडिओवर एफएमवर अरबी भाषेतले स्टेशन स्वच्छ लागते आणि सूर्य वर आला की विरून जाते. 105.4 वर पणजी लावायला जावे आणि शेजारच्या आकड्यावर कोणी कुराणपठण करत असावे, असे मी दोनदा ऐकले आहे.

कारण असे की त्या दिवसांत पाण्यालगत दमट, तुलनेने थंड हवेचा थर असतो आणि त्याच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी, गरम हवा पसरते. दोन थरांच्या सीमेवर लहरी खाली वाकतात, पाण्याच्या बाजूने पुन्हा वर जातात, आणि अशा नळीत अडकल्यासारख्या शेकडो मैल निघून जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला ठेवलेल्या रडारवर याच कारणाने समुद्रापलीकडच्या अरबस्तानचा किनारा दिसत असे, हे नौवहनाच्या वर्गात आम्हांला शिकवले होते. मृगाचा पाऊस आला, वारा घुसळू लागला, की थर मोडतो आणि खेळ संपतो.

म्हणून मयेच्या बंधूंना एक सूचना. पुढच्या मे महिन्यात टीव्हीच्या शोधात एखादी अनोळखी वाहिनी क्षणभर सापडली तर अँटेना दुरुस्त झाली असे समजू नका. अर्थात मये समुद्रापासून आत आहे, त्यामुळे तेवढेही बहुधा घडणार नाही. आत्याबाईंच्या बातम्यांसाठी हा मार्ग नाही. मी केवळ गंमत म्हणून सांगितले.


स्विंडनमधला_भाऊबंद

मी मूळचा साळगावचा, गेली अकरा वर्षे स्विंडनला आहे. टीव्हीने पोस्टकोड का विचारला एवढेच सांगतो. इथे 2007 ते ऑक्टोबर 2012 या काळात भागाभागाने अ‍ॅनालॉग बंद केले आणि प्रत्येक ठिकाणी त्याच मनोऱ्यांवर डिजिटल सुरू केले. एका घराला दोन-तीन मनोऱ्यांचे सिग्नल मिळू शकतात, म्हणून टीव्ही पोस्टकोडवरून ठरवतो की कोणत्या प्रदेशाच्या बातम्या पहिल्या क्रमांकावर ठेवायच्या. स्विंडनचेच उदाहरण घ्या. ऑक्सफर्डजवळचा मनोरा आम्हांला जवळ, साधारण 50 किलोमीटरवर, आणि सॉमरसेटमधला मेंडिपचा मनोरा 70 किलोमीटरवर. पण आमच्या भागाच्या बातम्या ब्रिस्टलहून होतात आणि त्या मेंडिपवर असतात. त्यामुळे इथे आळीत चालताना छपरांवरच्या अँटेना एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या दिसतात: काही ईशान्येला, काही नैर्ऋत्येला.

थोडक्यात, आपला टीव्ही मेंडिप किंवा ऑक्सफर्ड शोधत मयेला आला आहे. त्याला दोष देऊ नका. मात्र आपण लिहिलेली ती आटे असलेली खाच फार कामाची आहे. इथल्या अनेक टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनरही असतो. मेनूमध्ये ‘उपग्रह’ दिसते का ते पाहा.


डिश_कुडचडे

मी सांगे, केपे, कुडचडे या भागांत डिश बसवण्याचे काम करतो. स्विंडनच्या भाऊंनी योग्य जागी बोट ठेवले. आटे असलेली खाच ही उपग्रहाची. त्यात डिशची वायर थेट लागते आणि मग वेगळा सेट-टॉप बॉक्सही घ्यावा लागत नाही. आपल्याकडेही आता अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे, आयएस 18112, 2022 सालचे. पण बाजारातल्या प्रत्येक टीव्हीत अजून हा ट्यूनर मिळत नाही, म्हणून घेताना मागची बाजू पाहून घ्यावी.

दूरदर्शनची मोफत सेवा म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, आणि आता जीसॅट-15 या उपग्रहावर आहे. गोव्याची दूरदर्शन वाहिनी 2019 मध्ये इतर काही राज्यांच्या वाहिन्यांसोबत तिच्यावर आली. महिन्याची वर्गणी नाही. खर्च डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरची, सिग्नल गोळा करणारी डबी), वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी एवढाच, तोही एकदाच. बॉक्स घ्यावाच लागला तर एमपेग-2 आणि एमपेग-4 (चित्र दाबून पाठवण्याची जुनी आणि नवी पद्धत) दोन्ही चालणारा मागा. जुना, फक्त एमपेग-2 चा बॉक्स स्वस्तात गळ्यात पडला तर सगळ्या वाहिन्या लागणार नाहीत.

आता दिशा. हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्तावर स्थिर आहे. आपण जवळजवळ 74 अंशांवर, म्हणून तो आपल्याला आग्नेयेला दिसतो. होकायंत्रावर उत्तरेपासून 127 अंश आणि क्षितिजापासून 61 अंश वर. म्हणजे आपली जुनी अँटेना पणजीकडे, नैर्ऋत्येला पाहत असेल, तर डिश तिच्यापासून जवळजवळ काटकोनात वळवावी लागेल. गिऱ्हाईक अनेकदा म्हणते की डिश तर सरळ समोर पाहते आहे, 61 अंश कुठे? आपल्या घरगुती डिशमध्ये एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तबकडी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते.

माडांची काळजी बहुतेकांना असते. 61 अंश ही उंची आपल्या बाजूने आहे. आग्नेयेचा माड डिशपेक्षा 10 मीटर उंच असेल, तर खोड साडेपाच मीटरहून दूर असले की रेषा शेंड्यावरून निघून जाते. त्यात झावळ्यांचे चार-पाच मीटर मिळवा. म्हणजे दहा-अकरा मीटर मोकळे असले की निर्धास्त. फणसाचे मात्र वेगळे. त्याची पाने दाट असतात आणि पावसात भिजली की सिग्नल जवळजवळ गिळतात. एप्रिलमध्ये बसवलेली डिश जुलैत बंद पडली, असा फोन आला की मी आधी विचारतो, समोर फणस आहे का?

पाऊस स्वतःही सिग्नल खातो. जोराची सर आली की दहा-पंधरा मिनिटे चित्र जाते. त्याला इलाज नाही, तक्रार करू नये. पण सर थांबल्यावरही चित्र येत नसेल तर पाणी वायरमध्ये शिरले आहे असे समजावे. वायरच्या टोकाचा आटे असलेला कनेक्टर उघडून पाहा. मधली तांब्याची तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. एलएनबीजवळ वायर खाली लोंबती, कमानीसारखी ठेवा, म्हणजे पाणी कमानीच्या तळाशी गळून जाते, आत जात नाही.

जुनी वायर वापरण्याचा मोह टाळा. त्या काळी अनेक घरांत चपटी, दोन तारांची, 300 ओहमची पट्टी असे. ती डिशला चालत नाही. 75 ओहमची आरजी-6 नवी घ्या. आणि वर निवृत्त साहेबांनी बूस्टर काढायला का सांगितले तेही सांगतो. एलएनबीला वीज टीव्हीकडूनच, त्याच वायरीतून वर जाते: उभ्या ध्रुवणासाठी, म्हणजे उभ्या कंप पावणाऱ्या लहरींसाठी, 13 व्होल्ट, आडव्यासाठी 18. मध्ये जुना बूस्टर किंवा दोन टीव्हींना वाटणारी जुनी डबी राहिली तर ही वीज अडते किंवा शॉर्ट होते, आणि माणूस दिवसभर डिश फिरवत बसतो. तुमच्यासारख्याच एका घरी मी हे दीड तास केले आहे. शेवटी कपाटामागे ती डबी सापडली.

परदेशी टीव्हीतली एकच खोच. उपग्रह निवडताना तो फ्रीसॅट विचारेल. ते घेऊ नका, कारण ते इंग्लंडच्या उपग्रहांसाठी आहे. ‘इतर’ किंवा ‘वापरकर्ता’ निवडा, एलएनबी 9750 आणि 10600 ठेवा, आणि दूरदर्शनच्या संकेतस्थळावरून फ्री डिशच्या चालू वारंवारता व सिंबॉल रेट (माहिती पाठवण्याचा वेग) पाहून हाताने भरा. मग शक्तीचा आकडा न पाहता गुणवत्तेचा पाहा. शक्ती कोणत्याही उपग्रहाकडे तोंड केले की वाढते. गुणवत्ता योग्य उपग्रहावरच उठते. डिश बोटभर हलवायची, दोन सेकंद थांबायचे, पुन्हा हलवायची. शेवटी एलएनबी त्याच्या कड्यात सावकाश फिरवून आकडा सर्वांत वर जाईल तिथे आवळायचा.


वरळीहून_म्हापशाला

ज्यांच्या घरी इंटरनेट बरे आहे त्यांच्यासाठी एक पुरवणी. प्रसार भारतीचे वेव्हज हे अ‍ॅप नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्याच पणजीत, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झाले आणि त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. पण 78 वर्षांच्या आत्यांना रिमोटवरचा एक आकडा दाबणेच बरे, हे मान्य.


तळ्याकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पाऊस उघडला तेव्हा वर चढून टेप लावला. वायर जोडलेली दांडी फूटपट्टीच्या दुपटीहून बरीच लांब भरली, आणि वायरही तीच चपटी पट्टी निघाली, तिचे आवरण बोटाने चुरगळत होते. म्हणजे तिच्याकडून फुकट अपेक्षा करत होतो. टीव्हीच्या मेनूत ‘उपग्रह’ आहे.

आज डिचोलीच्या एका ओळखीच्या मुलाकडून डिश बसवून घेतली. आग्नेयेला शेजाऱ्यांचा माड आहे, अंतर पावलांनी मोजले, बारा मीटरच्या आसपास भरले. फणस परसात, पश्चिमेला आहे. फ्रीसॅट सोडून ‘वापरकर्ता’ या मार्गाने गेलो. पहिला अर्धा तास शक्ती 80 आणि गुणवत्ता 0 हेच दिसत होते, आणि मी खाली टीव्हीसमोर बसून तो वरून ‘आता?’ असे विचारत होता. मग एकदम गुणवत्ता 62 वर गेली. गोव्याची वाहिनी मिळाली. आत्याने संध्याकाळच्या बातम्या पाहिल्या आणि निवेदिकेचे कोकणी ‘पेडण्याकडचे’ आहे असा निर्णय दिला.

एक छोटी शंका उरली. मुलाने डिश वडिलांच्याच लोखंडी नळीवर, अँटेनाच्या खाली बसवली आहे. अँटेना वर तशीच ठेवली तर विजेच्या दृष्टीने काही धोका आहे का? काढायला घरातले कोणी तयार नाही.


निवृत्त_प्रक्षेपण

अँटेना राहू द्या, तिच्यामुळे डिशला काही होत नाही. मात्र नळी जमिनीशी जोडलेली असली पाहिजे. नळीपासून जाड तांब्याची तार भिंतीच्या बाहेरून सरळ खाली आणा, शक्य तितकी वळणे टाळून, आणि जमिनीत पुरलेल्या सळईला पक्की आवळा. ही सळई घराच्या विजेच्या अर्थिंगशीही जोडून घ्या, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. अँटेनाची ती चपटी पट्टी घरात आलेली असेल तर ती मात्र बाहेरच तोडून टाका. आणि गडगडाट सुरू झाला की टीव्हीची मागची वायर काढून ठेवण्याची जुनी सवय चालू ठेवा. वाकलेल्या दांड्या सरळ करू नका, जुने अ‍ॅल्युमिनियम मोडते.